उघडीप



काल संध्याकाळी याच मैदानावर आपण जमणार होतो. पाच वाजेपर्यंत आकाशात ढगाची चिंधीसुद्धा नव्हती. कार्यकर्त्यांनी सतरंज्या अंथरल्या, ध्वनिक्षेपक जोडला, वक्त्यांसाठी पाण्याचा तांब्या भरून ठेवला. साडेपाचला पश्चिमेकडून धुळीचा लोट उठला, पावणेसहाला टपोरे थेंब आले आणि सहा वाजता, म्हणजे नेमक्या व्याख्यानाच्या वेळी, भिजलेल्या सतरंज्या डोक्यावर घेऊन मंडळी समोरच्या शाळेच्या ओसरीकडे धावत होती. कालचे वक्ते परगावचे. ते रात्रीच्या गाडीने परत गेले. त्यांचे व्याख्यान आपल्या हातचे गेले ते गेलेच. आज सकाळी चालकांपैकी एक जण मला म्हणाले, "सर, तुमच्या व्याख्यानाची प्रस्तावना कालच झाली. आता तुम्ही मुख्य भागच बोला."

त्यांची सूचना मला मान्य आहे. अचानक पालटणारे ऋतू आणि आपले दिवस, असा आजचा विषय पत्रिकेत छापलेला आहे. मी हवामानशास्त्रज्ञ नव्हे. याच जिल्ह्यातल्या एका धानकऱ्याचा मी मुलगा, आणि पुढे पुष्कळ वर्षे भूगोल शिकवणारा मास्तर. तेव्हा पुस्तकातले थोडे आणि बांधावरचे थोडे, असे दोन्ही मिळून जे हाती लागले आहे ते आपल्यापुढे ठेवतो.

आरंभी एका योगायोगाचा उल्लेख केला पाहिजे. वसंतात व्याख्याने ऐकण्याची ही आपली प्रथा न्यायमूर्ती रानडे यांच्या प्रेरणेने पुण्यात सुरू झाली, ते वर्ष १८७५. आणि भारतीय हवामान खाते स्थापन झाले, तेही वर्ष १८७५. एका संस्थेने लोकांना संध्याकाळी एकत्र बसून विचार ऐकण्याची सवय लावली, आणि दुसरीने त्या संध्याकाळी पाऊस येईल की नाही हे सांगण्याची जबाबदारी पत्करली. हवामान खाते काही हौसेने निघाले नव्हते. १८६४ साली कलकत्त्यावर भयंकर चक्रीवादळ आले. पुढे १८६६ साली आणि पुन्हा १८७१ साली पावसाने दगा दिला. इतकी माणसे आणि इतके धान्य गेल्यावर सरकारच्या ध्यानात आले की या विस्तीर्ण देशातल्या वारा-पावसाची नोंद एका पद्धतीने, रोजच्या रोज झाली पाहिजे. 'रोजच्या रोज' हे शब्द आपण लक्षात ठेवावेत, कारण माझे सगळे म्हणणे त्यांच्याच भोवती फिरणार आहे.

आपल्याकडे ऋतूंचा विचार फार जुना आहे. कालिदासाच्या 'ऋतुसंहारा'त सहा ऋतू आहेत. ग्रीष्मापासून आरंभ आणि वसंतात शेवट. म्हणजे त्याच्या काव्याचे माप दोन-दोन महिन्यांचे. दुर्गाबाई भागवतांचे 'ऋतुचक्र' १९५६ साली प्रसिद्ध झाले. त्यांनी बारा महिन्यांचे बारा चेहरे पाहिले. माप एक महिन्यावर आले. आपला शेतकरी याहून बारीक मोजतो. त्याचे माप नक्षत्राचे. सत्तावीस नक्षत्रांत वर्ष विभागले म्हणजे एकेका नक्षत्राच्या वाट्याला तेरा-चौदा दिवस येतात. २५ मेच्या सुमारास रोहिणी लागते आणि तिच्याबरोबर आपल्याकडचा नवतपा सुरू होतो. ७ किंवा ८ जूनला मृग लागतो. नक्षत्राचे वाहन बेडूक, म्हैस किंवा हत्ती असेल तर पाऊस भरपूर, अशी समजूत आहे. ती खरी की खोटी हा वाद मी येथे काढीत नाही. मला एवढेच दाखवायचे आहे की, ज्याचे पोट आकाशावर जितके अधिक अवलंबून, तितके त्याचे काळाचे माप बारीक. कवीला ऋतू पुरतो. शेतकऱ्याला पंधरवडा लागतो. आणि कापलेले धान उघड्या बांधीत पडलेले असते, तेव्हा त्याच शेतकऱ्याला पंधरवडाही पुरत नाही. त्याला आजचा दिवस आणि आजची रात्र एवढेच कळायला हवे असते.

आता आपल्या जिल्ह्याकडे वळू. १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्यातून गोंदिया जिल्हा वेगळा झाला. नकाशावर नवी रेघ पडली, पण आभाळ तेच राहिले. आपले आभाळ दोन्ही टोकांना जाणारे आहे. हिवाळ्यात विदर्भातले सर्वांत कमी तापमान पुष्कळदा गोंदियाचे नोंदले जाते. पारा सात-आठ अंशांवर उतरतो. मे महिन्यात तोच पारा ४५ अंशांच्या घरात जातो. पावसाळ्यात बाराशे मिलिमीटरच्या वर पाणी पडते. या तीन अवस्थांच्या मध्ये जे सांधे आहेत, तेथेच हवा दगा देते. 'होळी जळाली, थंडी पळाली' असे आपण म्हणतो. पण होळीनंतर एखाद्या दुपारी असा गार वारा सुटतो की पेटीत ठेवलेली शाल पुन्हा काढावी लागते.

असे का होते? मार्च-एप्रिलमध्ये सूर्य डोक्यावर येऊ लागतो आणि जमीन झपाट्याने तापते. वायव्येकडून, राजस्थानच्या बाजूने, कोरडी उष्ण हवा येते. आग्नेयेकडून, बंगालच्या उपसागरावरून, दमट हवा आत शिरते. या दोन हवांची गाठ पुष्कळदा विदर्भावरच पडते. त्यातच भूमध्य समुद्राकडून निघालेला एखादा पश्चिमी झंझावात हिमालयावरून पुढे सरकत असेल, तर उंचावरची हवा आणखी गार होते. खाली तापलेली दमट हवा आणि वर गारवा, अशी स्थिती झाली की खालची हवा उसळून वर चढते. दुपारी बारा वाजता जेथे काहीच नव्हते, तेथे चार वाजता बारा-बारा किलोमीटर उंचीचा ढग उभा राहतो. चूल पेटवल्यावर पातेल्यातले दूध काही वेळ शांत असते आणि आपण पाठ फिरवताच उतू जाते, त्यातलाच हा प्रकार. अचानक दिसते ते उतू जाणे. तापणे सकाळपासून चाललेलेच असते.

अशा ढगाच्या वरच्या भागात पाण्याचे थेंब शून्य अंशाच्या खाली जाऊनही काही काळ पाणीच राहतात. बर्फाचा बारीकसा कण भेटला की ते त्याला चिकटून गोठतात. वर जाणारा जोरदार वारा त्या गारेला झेलून धरतो. तिच्यावर थरावर थर चढतात. वाऱ्याला तिचे वजन पेलेनासे झाले की ती खाली येते. दोन सेंटिमीटर व्यासाची गार जमिनीवर आदळताना तिचा वेग ताशी ७० किलोमीटरच्या आसपास असतो. मग आंब्याच्या मोहोराचे आणि कैऱ्यांचे काय होत असेल, हे मी सांगायला नको. २०१४ साली फेब्रुवारीच्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत मराठवाड्यात व विदर्भात जी गारपीट झाली, तिने उभा गहू आणि हरभरा शेतातच आडवा केला. ते पीक आठ-पंधरा दिवसांत घरात यायचे होते.

कोणी विचारील की एवढे शास्त्र पुढे गेले, उपग्रह आकाशात फिरतात, मग गार कोठे पडणार हे महिनाभर आधी का सांगता येत नाही? या प्रश्नाचे उत्तर १९६१ सालच्या हिवाळ्यात अमेरिकेत एडवर्ड लोरेन्झ नावाच्या शास्त्रज्ञाला, जवळजवळ चुकून, सापडले. तो हवेच्या हालचालीचे एक सोपे गणित संगणकावर सोडवीत होता. एक उत्तर पुन्हा तपासावे म्हणून त्याने मधूनच आकडे भरले. यंत्राच्या पोटात ०.५०६१२७ अशी संख्या होती. कागदावर तीनच अंक छापलेले होते, म्हणून त्याने ०.५०६ एवढेच भरले आणि तो चहा-कॉफीला निघून गेला. तासाभराने येऊन पाहतो तर नवे हवामान प्रथम जुन्यासारखे चालले होते, मग थोडे वेगळे झाले, आणि अखेर दोघांचा एकमेकांशी काही संबंधच उरला नव्हता. तफावत किती? संख्येच्या चौथ्या स्थानावरची. १९६३ साली त्याने हा विचार प्रसिद्ध केला. त्यातून पुढे स्पष्ट झाले की हवेचा रोजचा अंदाज सांगण्याला साधारण दोन आठवड्यांची मर्यादा आहे, आणि ती यंत्राच्या दुबळेपणाची नसून हवेच्याच स्वभावाची आहे. आपल्या नक्षत्राचे तेरा-चौदा दिवस आणि ही दोन आठवड्यांची मर्यादा जवळजवळ सारखी आहे. हाही योगायोगच; त्यावरून आपल्या पूर्वजांना सगळे ठाऊक होते असा निष्कर्ष कृपा करून कोणी काढू नये.

पण यातून एक गोष्ट निश्चित होते. ऋतू आधी सांगता येतो, दिवस सांगता येत नाही. पुढच्या मे महिन्यात गोंदियात कडक ऊन पडेल हे मी आज पैजेवर सांगेन. पुढच्या १० मेला आपल्या अंगणात ऊन असेल की गारा, हे कोणीही सांगू शकणार नाही. ऋतू म्हणजे पुष्कळ वर्षांची सरासरी. आणि श्रोतेहो, सरासरीत कोणी राहत नाही. आपण सगळे एकेका दिवसात राहतो. लग्न सरासरीच्या दिवशी लागत नाही, मूल सरासरीच्या दिवशी जन्मत नाही, आणि धानही सरासरीच्या दिवशी कापले जात नाही.

आपल्या भागात दिवसाचा असा हिशोब करणारी माणसे कोण आहेत ते पाहा. मोहफूल पहाटे गळते. सूर्य वर यायच्या आत बाया-मुले टोपल्या घेऊन झाडाखाली पोचतात; उशीर झाला तर गुरे आणि रानातली जनावरे आपला वाटा उचलतात. वेचलेले फूल अंगणात वाळत घालावे लागते. त्यावर एक सर पडली की ते काळे पडते आणि त्याचा भाव कोसळतो. मे महिन्यात तेंदूपाने. पहाटे तोडायची, दुपारी पुडे बांधायचे, संध्याकाळी फळीवर नेऊन द्यायचे. मग ते पुडे उघड्या माळावर उन्हात वाळतात. त्याच महिन्यात उन्हाळी धान कापणीला येते. म्हणजे ज्या दिवसांत वळवाचा पाऊस अधिक संभवतो, नेमके त्याच दिवसांत आपल्या जिल्ह्यातली अनेक घरे आपली कमाई आभाळाखाली पसरून बसलेली असतात.

आपण गोंदिया शहरातले लोक छपराखाली राहतो. पाऊस आला तर दुकानाची ताडपत्री ओढतो आणि हवा बरी गार झाली म्हणून चहा मागवतो. परंतु या शहराच्या राइस मिला, बाजारपेठ, अडत, वाहतूक, एवढेच काय, या व्याख्यानमालेची वर्गणीसुद्धा, त्याच धानातून आलेली आहे. कालच्या पावसाने आपले एक व्याख्यान बुडाले. तोच पाऊस तिरोड्याच्या किंवा अर्जुनी मोरगावच्या बाजूला कोणाच्या अंगणात कशावर पडला असेल, याचा विचार काल ओसरीत उभ्या असलेल्या आपल्यापैकी कितीजणांच्या मनात आला? माझ्याही मनात तो रात्री घरी गेल्यावर आला, हे मी प्रामाणिकपणे कबूल करतो.

आता थोडे घरातले सांगतो. ही माझीच चूक आहे, म्हणून सांगायला हरकत नाही. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी दिवाळीच्या सुटीत गावी गेलो होतो. हलके धान कापून झाले होते. आपल्याकडच्या पद्धतीप्रमाणे कडपा बांधीतच पसरून वाळत होत्या. तीन दिवस कडक ऊन पडले. चौथ्या दिवशी सकाळी वडील म्हणाले, "कडपा वाळल्या. आज भारे बांधून पुंजणे घालून टाकू." त्या दिवशी आत्याच्या गावी मंडई होती. दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते, दंडार होते, नातेवाइकांच्या गाठीभेटी होतात, हे आपणांस ठाऊक आहेच. मी शिकलेला, पगार मिळवू लागलेला. मी म्हणालो, "आभाळ इतके स्वच्छ आहे. कडपा उद्या बांधू, आज मंडईला जाऊ." भूगोलाच्या मास्तराचे आभाळाविषयीचे मत वडिलांनी मानले. आम्ही सगळे बैलबंडीने आत्याकडे गेलो.

दिवस फार चांगला गेला. आत्या वडिलांपेक्षा मोठी. वडील तिला बाई म्हणत. भाऊ आला म्हणून तिने काय करू आणि काय नको असे केले. दुपारी दोघे ओट्यावर बसून लहानपणीच्या गोष्टी काढून हसत होते. वडिलांना इतके हसताना मी त्यापूर्वी पाहिले नव्हते. रात्री दंडार पाहून आम्ही परतलो तेव्हा चंद्राला खळे पडलेले होते. उत्तररात्री पावसाचा आवाज कानावर आला. बंगालच्या उपसागरात तयार झालेल्या वादळाचे ते शेपूट होते, हे मला पुढे वर्तमानपत्रात वाचून कळले. ऑक्टोबर-नोव्हेंबर हे त्या समुद्रातल्या वादळांचे महिने, हे मी मुलांना फळ्यावर लिहून देत असे. पण माझ्याच बांधीशी त्याचा संबंध मी जोडला नव्हता. पाऊस दोन दिवस राहिला. बांधीत पाणी साचले, कडपा पाण्यात तरंगल्या. आठ दिवसांनी लोंबी उचलून पाहिली तर दाण्यांना कोंब फुटले होते. अर्ध्याहून अधिक धान गेले. वडील मला एका शब्दानेही बोलले नाहीत. ते बोलले असते तर बरे झाले असते, असे मला कितीतरी वर्षे वाटत राहिले.

पुढे वडील थकले, खाटेला खिळले. एका संध्याकाळी मी ती गोष्ट काढली. म्हणालो, "बाबा, त्या साली माझ्यामुळे धान गेले." ते जरा वेळ आढ्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "धान तं पुढच्या सालीबी झाला, बाबू. बाईची भेट तं तेवढीच होती." आत्या त्याच्या पुढच्या पावसाळ्यात वारली होती. हे मला ठाऊक होते, पण या दोन गोष्टी मी कधी एकमेकींच्या शेजारी ठेवून पाहिल्या नव्हत्या. मी इतकी वर्षे तो दिवस तोट्याच्या बाजूला लिहून ठेवला होता. त्यांनी तो जमेला धरला होता.

यावरून कडपा सोडून मंडईला जावे असा उपदेश मला करायचा नाही. त्या साली आमच्या घरी उसनवारीने धान आणावे लागले. आईने कानातले गहाण टाकले, हेही खरे आहे; आणि ते कानातले पुन्हा सुटले नाहीत. वडिलांनी माझे समाधान केले म्हणून माझी चूक पुसली गेली नाही. एकच दिवस एका हाताने देतो आणि दुसऱ्या हाताने नेतो, एवढेच मला त्यातून कळले. दिवसाची किंमत जाणणे म्हणजे सदा कामाला जुंपून घेणे नव्हे आणि मौज करून घेणेही नव्हे. आज आपण कशासाठी काय खर्चीत आहोत हे डोळे उघडे ठेवून जाणणे, एवढाच त्याचा अर्थ. त्या दिवशी मी ते जाणले नव्हते. 'उद्या' माझ्या खिशातच आहे असे समजून मी 'आज' खर्च केला. वडिलांना मात्र दोन्हीची किंमत ठाऊक होती, असे आता वाटते. कदाचित म्हणूनच ते बंडी जुंपताना एकदा मागे वळून बांधीकडे पाहत उभे राहिले होते.

मारुती चितमपल्ली वनाधिकारी म्हणून नवेगावबांधला राहिले होते. जून २०२५ मध्ये ते निवर्तले. तेथल्या वास्तव्यावरच्या त्यांच्या पुस्तकाचे नाव 'नवेगावबांधचे दिवस' असे आहे. वर्षे नव्हे, दिवस. ज्याने रान खरोखर पाहिले त्याला हा शब्द सुचावा यात मला नवल वाटत नाही.

नवेगावचा विषय निघाला म्हणून त्या तलावाबद्दल बोलतो. कोलू पाटील कोहळी यांनी तो बांधला, असे परंपरा सांगते. कोहळी समाजाने आणि जुन्या मालगुजारांनी या भागात ठिकठिकाणी तलाव व बोड्या बांधल्या. १९५१ साली मालगुजारी संपली आणि हे तलाव 'माजी मालगुजारी तलाव' म्हणून सरकारकडे आले. या पाळी ज्यांनी घातल्या त्यांच्याजवळ ना उपग्रह होता, ना लोरेन्झचे गणित. पाऊस कोणत्या दिवशी पडेल हे सांगता येत नाही, एवढे मात्र ते पुरते ओळखून होते. म्हणून ज्या दिवशी तो पडेल, त्या दिवसाचे पाणी ज्या दिवशी तो पडणार नाही त्या दिवसासाठी त्यांनी अडवून ठेवले. भादव्यात पावसाने पाठ फिरवली आणि धान निसवायच्या बेतात असले, की आषाढातला एखादा दिवस तलावाच्या तुडुंबातून खाली उतरून बांधीत येतो. दिवसाची कदर याहून चांगली कोणी केली असेल असे मला वाटत नाही. आज कितीतरी तलाव गाळाने उथळ झाले आहेत. त्यांचा गाळ काढणे हे काम आपल्या पिढीच्या वाट्याला आले आहे, आणि तेही उद्यावर टाकण्याजोगे नाही.

उद्यावर का टाकू नये, याला आता एक जास्तीचे कारण झाले आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीच्या मानाने पृथ्वीचे सरासरी तापमान एक अंशाहून अधिक वाढले आहे. हवा एका अंशाने तापली की तिच्यात सुमारे सात टक्के अधिक वाफ मावते. ती वाफ केव्हातरी खाली यायचीच. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील शास्त्रज्ञांच्या पुढाकाराने झालेला एक अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतातल्या विस्तृत अतिवृष्टीच्या घटना जवळजवळ तिप्पट झाल्या, असे त्यात दिसून आले. मध्य भारत म्हणजे आपणच. आपल्या आजोबांच्या आठवणीतला पाऊस आणि आपला पाऊस यांत फरक पडला आहे, ही केवळ म्हाताऱ्यांची तक्रार नव्हे.

तेव्हा काही व्यवहाराच्या गोष्टी सांगतो. व्याख्यान ऐकून घरी नेण्याजोगे काहीतरी हाती असावे. हवामान खाते आता जिल्हावार इशारे देते. पिवळा रंग सावध करतो, नारिंगी तयारीत राहायला सांगतो, लाल रंग कृती करायला. वादळाचा तात्कालिक इशारा अवघ्या तीन तासांसाठी असतो. त्या तीन तासांत ताडपत्री घालता येते, मोहफूल घरात घेता येते, गुरे झाडाखालून सोडता येतात. पुण्याच्या त्याच संस्थेने विजेची सूचना देणारे 'दामिनी' नावाचे अॅप काढले आहे. आपल्या देशात दरवर्षी दोन हजारांहून अधिक माणसे वीज पडून मरतात आणि त्यांतली पुष्कळशी शेतात किंवा झाडाच्या आडोशाला असतात. हातात मोबाइल नसेल तर तोंडाने मोजा. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत दर तीन सेकंदांना एक किलोमीटर. तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर पक्क्या छपराखाली जा, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास तेथेच थांबा. शहरात शिकणाऱ्या मुलांनी संध्याकाळी एक फोन करून गावाकडच्या आईबापांना उद्याचा इशारा सांगावा. मी त्या साली असा कोणाला विचारणारा नव्हतो आणि मला कोणी सांगणारा नव्हता. आज तसे म्हणायला जागा नाही.

आता शेवटचे. आपल्या मराठीत पावसाचे शब्द किती आहेत, हे आपण जाणताच. वळीव, झड, रिपरिप, मळभ, अवकाळी. पण मला या सर्वांत जो शब्द प्रिय आहे तो पावसाचा नाहीच. पाऊस थांबून मधेच आभाळ मोकळे होते, त्याला आपण 'उघडीप' म्हणतो. उघडीप किती टिकेल हे कोणी सांगू शकत नाही. ती संपणार एवढे मात्र सर्वांना ठाऊक असते. झड लागलेली असताना उघडीप मिळाली की घरातला एकही माणूस रिकामा बसत नाही. कोणी रोवणीला जातो, कोणी गळके छप्पर शाकारतो, कोणी ओले कपडे दोरीवर टाकतो, आणि एखादी म्हातारी नुसतीच पायरीवर येऊन ऊन अंगावर घेते. तिचेही ते कामच असते. कोणीही त्या वेळी असे म्हणत नाही की ही उघडीप खरी नव्हे, कारण ती टिकणार नाही.

माझ्या वडिलांनी बाईच्या ओट्यावर घालवलेली दुपार ही त्यांची उघडीप होती. आपल्याला मिळालेले सगळेच दिवस थोड्याफार फरकाने तसे आहेत, असे आता या वयात मला वाटू लागले आहे.

मघापासून पश्चिमेकडे वीज लुकलुकते आहे, हे आपल्यापैकी कित्येकांच्या ध्यानात आले असेल. मी मनातल्या मनात मोजतो आहे. आवाज अजून ऐकू आलेला नाही. तरी कालचा अनुभव ताजा असल्यामुळे मी येथेच थांबतो. अध्यक्षमहाराजांनी आपले भाषण जरा थोडक्यात करावे आणि कार्यकर्त्यांनी सतरंज्या आधी गोळा कराव्यात, अशी विनंती करतो.